चौथा रकाना

मराठी विभागाच्या संपादकांनी "तू पण काहीतरी लिही ना" असं म्हटलं तेव्हा मी आधी हसलेच. कारण माझं मराठी म्हणजे कॉन्व्हेंटचं मराठी! शाळेत ते आठवीपर्यंत थर्ड लँग्वेज होतं, आणि आजही कोणी "एकोणसत्तर" म्हटलं की मी मनातल्या मनात सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन याचा हिशोब करते. पण ही गोष्ट इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिण्यासारखी नाही. ती घडली मराठीत, आणि माझ्याकडून चूक झाली तीसुद्धा मराठी नीट वाचायचा कंटाळा केला म्हणूनच. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

आमचं घर साताऱ्याला. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, आजीचं ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारीपासून दर पंधरा दिवसांनी तिला केमोसाठी पुण्याला न्यावं लागायचं. बाबांची बँकेत बदली झालेली, आईची शाळा, मी पुण्यात हॉस्टेलवर. म्हणून एक ड्रायव्हरकाका ठेवले. पन्नाशीचे असतील. सकाळी सहाला यायचे, गाडीच्या काचा पुसायचे, आजीची उशी मागच्या सीटवर ठेवायचे आणि निघायचे. येताना आजीला मळमळायचं तर शिरवळच्या अलीकडे एका झाडाखाली गाडी थांबवायची, पाच मिनिटं काच खाली करून गप्प बसायचं, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. आजी त्यांना "अरे" म्हणायची आणि ते तिला "आई".

गाडी आमची २०१५ सालची, पेट्रोल हॅचबॅक, लाखभर किलोमीटर झालेली. काकांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या पैशांनी एक दोनशेपानी वही आणली. त्यात पट्टीने रेघा मारून चार रकाने केले : तारीख, किलोमीटर, पेट्रोल, शेरा. निघताना टाकी फुल, परत आल्यावर पुन्हा फुल, आणि मध्ये किती लिटर बसलं ते लिहायचं. आमच्या आय. सी. इंजिन्सच्या सरांनी सांगितली असती तीच पद्धत.

जूनमध्ये मी सेमिस्टरच्या सुट्टीत घरी आले तर बाबा म्हणाले, "हल्ली पेट्रोलचा खर्च फार वाढलाय गं. तू इंजिनिअर ना? जरा बघ की."

झालं! इंजिनिअरला एवढं निमंत्रण पुरतं. मी वही घेतली, लॅपटॉप उघडला आणि तासाभरात एक्सेल शीट तयार. पहिल्या चार फेऱ्यांना गाडीने लिटरला साडेसोळा किलोमीटर दिले होते. नंतरच्या सहा फेऱ्यांचं सरासरी तेरा. फेरी साधारण २३० किलोमीटरची, पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर सहा फेऱ्यांत जादा गेलेले पैसे : रुपये २३६३. मी ग्राफ काढला, घसरणाऱ्या रेघेला लाल रंग दिला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. काकांनी चाचांना दाखवला, चाचांनी आत्याला. "ड्रायव्हर लोक असंच करतात," हे वाक्य कोणी पहिल्यांदा लिहिलं ते आता आठवत नाही, पण त्यावर तीन अंगठे आले होते आणि त्यातला एक माझा होता.

एकटी आजी म्हणाली, "तो माणूस तसा नाही."

मी तिला म्हटलं, "आजी, डेटा खोटं बोलत नाही."

हे मी खरंच म्हटलं होतं. केमोने केस गेलेल्या, चार घास खाताना दमणाऱ्या माझ्या आजीला मी डेटावर लेक्चर दिलं होतं.

बाबा कोणाला तोडून बोलणारे नाहीत. त्यांनी काकांना एवढंच सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून मीच रजा टाकून नेईन म्हणतो." पण आदल्या आठवड्यातच त्यांनी पंपाची छापील बिलं मागितली होती, त्यामुळे न सांगताच सगळं कळलेलं. काका म्हणाले, "साहेब, वही बघितली न्हवं?" बाबा म्हणाले, "बघितली." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, आत जाऊन आजीच्या पाया पडले आणि गेले. वही गाडीच्या कप्प्यातच राहिली.

मग जुलै-ऑगस्टमध्ये बाबांनी स्वतः तीन फेऱ्या केल्या. गणपतीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा सहज म्हणून बिलं घेतली आणि शीटमध्ये भरली. १२.९. १३.१. १२.८.

पहिल्यांदा वाटलं टाईप करताना चुकले. पुन्हा भरलं. तेच! चोर गेला होता आणि चोरी चालूच होती.

बाबांचं म्हणणं पडलं की ई-२० पेट्रोलमुळे असेल. तेव्हा सगळीकडे तीच चर्चा होती. इथॉनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते हे खरंच आहे. पण दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेल्याने लिटरमागे ऊर्जा कमी होते ती साधारण साडेतीन टक्के. आमची घट होती एकवीस टक्के. एवढं खापर इथॉनॉलच्या डोक्यावर फुटेना.

त्या रात्री मी वही पुन्हा काढली. आणि आता सांगायला लाज वाटते ती गोष्ट : जूनमध्ये मी पहिले तीन रकानेच टाईप केले होते. चौथा, शेऱ्याचा, सोडून दिला होता. काकांचं अक्षर जुन्या वळणाचं, एकाला एक लागलेलं, आणि मला हाताने लिहिलेलं मराठी वाचायला वेळ लागतो. शिवाय एक्सेलमध्ये शब्दांचं करायचं काय? आकडे महत्त्वाचे! आता मी वही आजीकडे नेली. तिने चष्मा लावला आणि आकाशवाणीवरच्या बातम्या वाचाव्यात तसं वाचून दाखवलं. "घाटात ट्रॅफिक, पाऊण तास." "आईंना उलटी, शिरवळला थांबलो." मग पाचव्या फेरीला : "पिवळा दिवा लागला. साहेबांना सांगितले." सहाव्या : "दिवा आहे. पेट्रोलचा वास येतो." सातव्या : "सर्व्हिसिंगला दिवा घालवला." आठव्या : "दिवा परत. मागून काळा धूर. साहेबांना सांगितले."

आजीने वही मिटली आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बाबांना विचारलं तर म्हणाले, हो, सांगितलं होतं त्यांनी. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावून दिवा घालवून दिला आणि जुन्या गाडीत असं होतं म्हणाले. नंतर परत लागला तो राहूनच गेला, आजीच्या गडबडीत.

आता इथून पुढे थोडं टेक्निकल. कॉम्प्युटरवाल्यांनी कंटाळून पान उलटू नये, सोपं आहे!

आमच्या ग्रुपने सेकंड इयरला मिनी प्रोजेक्टसाठी एक ओबीडी डाँगल घेतला होता. तो प्रत्यक्षात किती वापरला ते विचारू नका, पीपीटी छान झाली होती. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे आमच्या गाडीला स्टिअरिंगच्या खाली ते सोळा पिनांचं सॉकेट आहेच. डाँगल खोचला, मोबाईलवर ॲप उघडलं. कोड आला पी ०१७१. म्हणजे "सिस्टिम टू लीन", मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, हे आपण सगळे व्हायवात सांगतो. पण इंजिनाला हे कसं कळणार की बरोबर प्रमाण पडतंय? त्यासाठी एक्झॉस्टच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. बॉशने तो बनवला आणि १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आला. त्याच्या टोकाला झिर्कोनियाची छोटी टोपी असते. साडेतीनशे अंशांच्या आसपास तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन जाऊ शकतात. टोपीच्या आत बाहेरची शुद्ध हवा, बाहेरून एक्झॉस्टचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका व्होल्टेज. (बारावीत आणि एफ. ई. ला घोकलेलं नर्न्स्टचं समीकरण ते हेच. मला वाटायचं ते फक्त पेपरात येतं!) धुरात ऑक्सिजन उरला नाही, म्हणजे पेट्रोल जास्त, तर व्होल्टेज ०.८-०.९ पर्यंत चढतो. ऑक्सिजन उरला, म्हणजे पेट्रोल कमी, तर ०.१ वर येतो. मधली ०.४५ ही सीमारेषा. ईसीयू त्या रेषेकडे बघत राहतो, पेट्रोल जरा वाढव, जरा कमी कर. म्हणून चांगला सेन्सर कधी स्थिर नसतो, झोपाळ्यासारखा सतत वर-खाली होतो.

आमचा सेन्सर ०.१२ ते ०.२ मध्येच बसून होता. आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने कायमचं वाढवून ठेवलेलं पेट्रोल : अधिक २३ टक्के.

मी अर्थातच कोडवर विश्वास ठेवला. लीन म्हणतोय ना, मग कुठून तरी जादा हवा आत शिरत असणार. सगळ्या व्हॅक्युमच्या नळ्या चाचपून बघितल्या. दोन तास, भर दुपारी. गौरी बसायच्या दिवशी माझ्या हातांना ग्रीस! काही सापडलं नाही. शेवटी बाबा म्हणाले, पोवई नाक्याकडच्या मिस्त्रींना बोलव.

मिस्त्री आले. लॅपटॉप नाही, काही नाही. त्यांनी एक प्लग खोलला आणि माझ्या हातात दिला. कोरड्या काजळीने काळाकुट्ट.

"ताई, तुमचा मोबाईल काय म्हणतोय?"

"लीन."

"आन् प्लग?"

प्लग काळा म्हणजे रिच. पेट्रोल जास्त. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल.

"मग दोघांतला एकजण खोटं बोलतोय की."

खरं सांगते, तीन वर्षांत कुठल्या प्रॅक्टिकलला मला इतकी मजा आली नव्हती. मजा म्हणणं बरोबर नाही, पोटात खड्डाही पडला होता. कारण आता पुढे काय निघणार ते मला दिसायला लागलं होतं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर असतात. मी आतापर्यंत पुढचाच बघत होते, कारण पेट्रोल तोच ठरवतो. मागच्याचा आकडा काढला : ०.८४, स्थिर. म्हणजे मागचा म्हणत होता, धुरात ऑक्सिजन शिल्लकच नाही. एकाच पाइपातला एकच धूर, आणि दोन साक्षीदार दोन उलट साक्षी देत होते. प्लग मागच्याच्या बाजूने. काळा धूर मागच्याच्या बाजूने. पेट्रोलचा वासही.

तरी मी लगेच "सेन्सर गेला" म्हणायला तयार नव्हते. जूनमध्ये एकदा घाईने निकाल लावून झाला होता. पुढच्या सेन्सरच्या आधी पाइपाला कुठे चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही लीन दाखवतो. म्हणून इंजिन गार होऊ दिलं, मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं, गाडी सुरू करून मिस्त्रींनी मागे सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबून धरलं. कुठे बुडबुडा नाही, फुसफुस नाही. मग वायरिंग. गाडी परत तापवून मल्टिमीटर थेट सेन्सरच्या कनेक्टरवर लावला, तिथेही ०.१५ च, म्हणजे वायर आणि ईसीयू निर्दोष. कनेक्टर काढून हीटरचा रेझिस्टन्स मोजला, सहा ओहम, ठीक. शेवटची परीक्षा मिस्त्रींनी घेतली. हवेच्या नळीत कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारला (हे घरी करू नका, तो पेट घेतो). इंजिन गुदमरलं, मागचा सेन्सर आणखी वर गेला, आणि पुढचा? ०.१५ वरून सरपटत ०.३२ पर्यंत आला आणि परत खाली. इतकं पेट्रोल ओतूनही त्याला ०.४५ ची रेषा ओलांडता आली नाही.

वय झालं की हे सेन्सर असेच थकतात, वरचा व्होल्टेज गाठत नाहीत. आमच्याकडे दहा वर्षं झाली होती. त्याला कायम वाटत राहिलं की पेट्रोल कमी आहे, ईसीयूने बिचाऱ्याने ऐकलं आणि ओतत राहिला. दर फेरीला पावणेचार लिटर, साधारण चारशे रुपये. माझ्या शीटमधले २३६३ रुपये सायलेन्सरमधून काळा धूर होऊन खंबाटकीच्या घाटात गेले होते.

नवीन सेन्सर ३२०० ला मिळाला. जुना काढताना इंजिन कोमट ठेवून, गंज सोडवायचं तेल मारून, बावीसच्या पान्याने मिस्त्रींनी तो हलवला. मी नवीन बसवला, कोड पुसला आणि बाबांबरोबर आनेवाडी टोलनाक्यापर्यंत जाऊन आले. मोबाईलवर रेघ झोपाळ्यासारखी हलत होती, ०.१, ०.८, ०.१, ०.८. ट्रिम उतरत उतरत अधिक चारवर थांबला. तेवढा इथॉनॉलसाठी लागतोच, कारण त्याला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं.

बाबा गाडी चालवत होते आणि काहीच बोलत नव्हते. लिंबच्या फाट्यावर म्हणाले, "उद्या जाऊ या त्यांच्याकडे." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नाही, मी बोलते." ते म्हणाले, "दोघंही बोलू."

काकांचं घर वाढे फाट्याच्या पुढे आहे. जाताना मी मनात वाक्यं जुळवत होते. इंग्लिशमध्ये "आय ॲम सॉरी" किती सोपं आहे, धक्का लागला तरी म्हणतो आपण! मराठीत पाठ केलेलं "मी आपली दिलगीर आहे" हे तर नोटीस बोर्डावरचं वाटत होतं. आणि दारात गेल्यावर काका म्हणाले, "या ताई. आई कशा हायत?"

म्हणजे मी बोलायच्या आधीच सगळं संपलं. मी तिथे ओट्यावरच बसले आणि रडले. बाबांनी सांगितलं सगळं, सेन्सर, धूर, माझी शीट, त्यांनी स्वतः दुर्लक्ष केलं ते. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. काका बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "साहेब, तुमी इचारलं असतं तर बरं झालं असतं. बिलं मागितली, त्याचं काय न्हाई. पर इचारलं न्हाई." बाबांनी पाकीट पुढे केलं, दोन महिन्यांच्या पगाराचं. ते त्यांनी घेतलं नाही. काकू आतून म्हणाल्या, "असू द्या." त्या आवाजात मात्र राग होता, आणि तो असायलाच हवा होता.

मी मध्येच म्हटलं, "काका, माझं चुकलं. मी शेरा वाचलाच नव्हता."

"वाचला न्हाई व्हय?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी तर तुमच्यासाठीच लिवत हुतो. म्हणलं, ताई इंजनेर हाय, तिला कळंल."

यावर काय बोलणार?

थोड्या वेळाने ते उठून गाडीकडे आले. जुना सेन्सर मी पिशवीतून आणला होता, तो त्यांनी उलटा-पालटा करून बघितला. "एवढासा हाय की ह्यो. बसतो कुठं?" मग बॉनेट उघडून मी त्यांना जागा दाखवली. व्होल्टेज, झोपाळा, दोन साक्षीदार सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या मराठीत, आणि त्यांना ते एका दमात कळलं. उलट त्यांनीच विचारलं, मागचा खरं बोलत हुता तर गाडीनं त्याचं का ऐकलं न्हाई? व्हायवात बाहेरून येणाऱ्या सरांनी असा प्रश्न विचारला असता तर माझी दांडी गुल झाली असती. मागचा मुख्यतः कन्व्हर्टरवर नजर ठेवायला असतो, पेट्रोलच्या बाबतीत त्याचा शब्द फारसा चालत नाही, असं काहीतरी उत्तर मी दिलं. ते "हां" म्हणाले.

परत कामावर येता का, असं बाबांनी विचारलं. त्यांनी जुलैपासून एका शाळेची व्हॅन धरली आहे आणि एप्रिलपर्यंतचा शब्द दिला आहे. रविवारी कधी जायचं असेल तर सांगा म्हणाले. हॉस्पिटलची ओपीडी रविवारी नसते, त्यामुळे आजीला अजून बाबाच नेतात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मात्र आजीला शिखर शिंगणापूरला जायचं होतं, तेव्हा ते आले. आजी पुढच्या सीटवर बसली होती. केस थोडे आले आहेत तिला आता.

फॅमिली ग्रुपवर मी नवीन ग्राफ टाकला आणि खाली सगळं लिहिलं. आत्याने विचारलं, मग गाडी आता किती देते? सोळा. साडेसोळा नाही. वही परत गाडीच्या कप्प्यात आहे, बाबा आकडे लिहितात आणि मी घरी गेले की चौथा रकाना भरते. मागच्या वेळी "सर्विसिंग" मधला रफार चुकला होता तो आजीने लाल पेनने दुरुस्त केला.